सत्कार आणि श्रवण : कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या निवृत्तीचे स्मरण

राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर भगवान बुद्धांचा निवास असताना मगधाचा राजा अजातशत्रू याने आपला महामात्य वस्सकार याला त्यांच्याकडे पाठविले. वज्जींच्या गणराज्यावर चढाई करण्याचा राजाचा मनसुबा होता व भगवंतांचे त्यावर काय म्हणणे पडते ते त्याला जाणून घ्यावयाचे होते. भगवंतांनी वस्सकाराला थेट उत्तर दिले नाही. पाठीशी उभे राहून वारा घालीत असलेल्या आनंदाला त्यांनी एकामागून एक सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवितात काय, एकोप्याने बसतात व एकोप्याने उठतात काय, प्रस्थापित नियमांना धरून वागतात काय, अशा क्रमाने चौथा प्रश्न आला. वज्जी आपल्या वृद्धांचा सत्कार करतात काय, त्यांना मान देतात काय, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे असे समजतात काय? आनंदाने प्रत्येक प्रश्नाला होकार दिला. तेव्हा भगवंत म्हणाले की, जोवर हे सात धर्म वज्जींत टिकून आहेत तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही.

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी येणारा हा प्रसंग आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. सभेने चालणाऱ्या राज्याचे बळ कशात असते याचे इतके थोडक्यात केलेले विवेचन प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळेल. आम्ही येथे लक्ष वेधू इच्छितो ते चौथ्या प्रश्नाकडे. त्याची दोन अंगे आहेत. पहिले अंग सत्काराचे व दुसरे श्रवणाचे. भगवंतांनी ही दोन्ही एकाच प्रश्नात गुंफली आहेत. वृद्धाच्या गळ्यात हार घालावा आणि त्याचे म्हणणे मात्र कानाआड करावे, असा सत्कार या धर्मात बसत नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनात सत्काराची उणीव नाही. शाल, श्रीफळ, मानपत्र व गौरवग्रंथ यांची रेलचेल आहे. एखादा लोकप्रतिनिधी सभागृहातून निवृत्त झाला की त्याच्या कार्याचा गौरव करणारी भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. खरे पाहता लोकप्रतिनिधीचे आयुष्यभराचे काम शब्दांचे असते. प्रश्न, ठराव, विधेयक, मागणी ही त्याची हत्यारे. म्हणून त्याचा सत्कार करावयाचा तर त्याने काय मागितले होते आणि त्यापैकी काय मिळाले, याचा हिशेब मांडणे हाच त्याचा खरा मार्ग होय. या दृष्टीने आम्ही कर्मवीर भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांच्या संसदीय कारकीर्दीचे स्मरण येथे करीत आहोत. १९६८ च्या एप्रिल महिन्यात राज्यसभेची त्यांची मुदत संपली आणि १९३७ साली सुरू झालेला त्यांचा सभागृहातील प्रवास तेथे थांबला.

जांब्याच्या वेशीवरून

हा हिशेब कोठे उभे राहून मांडावयाचा, हाही प्रश्न आहे. दिल्लीतील सभागृहाच्या दालनात उभे राहून पाहिले तर ठराव मोठे दिसतात व गाव लहान दिसते. आम्ही गावाच्या वेशीवर उभे राहून सभागृहाकडे पाहू इच्छितो. त्यासाठी आम्ही पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या जांबे या गावाची निवड केली आहे. जांब्यात दादासाहेबांनी काही विशेष कार्य केले असा आमचा दावा नाही. मात्र ज्या प्रश्नासाठी ते झिजले तो जमिनीचा प्रश्न आज ज्या रूपात उभा आहे, ते रूप या गावाच्या परिसरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

जांबे हे तालुक्याच्या पूर्वेकडील गाव. हिंजवडी, मारुंजी, नेरे ही त्याच्या शेजारची गावे. येथून उत्तरेस थोड्याच अंतरावर देहूरोड आहे. २५ डिसेंबर १९५४ या दिवशी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना तेथे स्वहस्ते केली. नागपूरच्या दीक्षेला त्या वेळी जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेचे सभासद होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. सभागृह आणि विहार या दोन वाटा त्यांच्या जीवनात एकमेकींपासून तुटलेल्या नव्हत्या. दादासाहेबांच्या जीवनातही त्या तशाच जोडलेल्या आढळतात.

याच मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट यांच्या नेतृत्वामुळे तो महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला आहे. धरण झाले व गावे पाण्याखाली गेली. जमीन जाणे म्हणजे काय, हे या तालुक्याला त्या काळापासून ठाऊक आहे. परंतु जमीन जाण्याचे दुःख ज्याच्याकडे जमीन होती त्याचे. ज्याच्या नावावर मुळातच जमीन नव्हती, किंवा जी होती ती गावाच्या गुलामीच्या मोबदल्यात होती, त्याच्या दुःखाचा विचार त्या काळच्या पुढाऱ्यांच्या मनात फारसा आला नाही. तो विचार सभागृहात आणण्याचे काम बाबासाहेबांनी केले आणि त्यांच्या मागे दादासाहेबांनी.

आंबे गावचा कार्यकर्ता

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्याची प्रत्यक्ष धुरा ज्यांनी वाहिली त्यांत दादासाहेब अग्रभागी होते. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला असत आणि नाशिकची फळी दादासाहेब सांभाळीत. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह पुढे चालविण्याची आवश्यकता उरली नसल्याचे कळविले. मंदिरात जाऊन मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा उभारला नव्हता, आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता, असा त्या पत्राचा आशय आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली तीही नाशिक जिल्ह्यातच. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली अनेक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत चळवळीच्या मोठ्या निर्णयांपासून पैशाच्या चिंतेपर्यंत सारे काही मोकळेपणाने आलेले आहे. नेता व अनुयायी यांच्यातील विश्वासाचा असा पुरावा इतिहासात सहसा हाती लागत नाही.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. त्या पक्षातर्फे १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले. ग्रामीण भागात घडलेल्या कार्यकर्त्याने कायदेमंडळात बसावयाचे, हा त्या काळी साधा बदल नव्हता. ज्या माणसाला गावच्या चावडीवर बसावयास जागा मिळत नसे तो आता सरकारला प्रश्न विचारू लागला होता.

त्या सभागृहासमोर बाबासाहेबांनी कोणते प्रश्न आणले? १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक आत आणि शेतकरी दाराशी, असा हा प्रकार होता. सभागृहातील शब्दाला रस्त्यावरील माणसाचे पाठबळ असले पाहिजे, हा धडा दादासाहेबांनी तेथे घेतला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही.

दुसरा प्रश्न महार वतनाचा. १८७४ च्या वतन कायद्याने महारांना सरकारी व गावकीची कामे वंशपरंपरेने बांधून दिली होती. सांगावा पोचविणे, सारा वसुलीच्या वेळी राबणे, सरकारी अंमलदार आले की त्यांच्या दिमतीला राहणे, अशा कामांना दिवस-रात्रीची मर्यादा नव्हती. मोबदला म्हणून इनामी जमिनीचा तुकडा आणि बलुते. पिढ्या वाढत गेल्या तशी ती जमीन वाटून वाटून चिंधीएवढी झाली. तरी गुलामी मात्र घरातल्या प्रत्येकावर पूर्णपणे लागू राहिली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. त्याला यश आले नाही. पुढे १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगावला आणि १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. वतनाच्या जमिनीवरील वाढीव आकारणीविरुद्ध तेथे आवाज उठविण्यात आला. अखेर कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली संमत होऊन १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. पहिले विधेयक आणि हा कायदा यांत तीस वर्षांचे अंतर आहे. विधेयक मांडणारा महापुरुष तोवर आपल्यातून निघून गेला होता.

अकरा वर्षांचे अंतर आणि दिल्ली

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात यश आले नाही. पुणे कराराने लादलेल्या संयुक्त मतदारसंघात, आपल्या समाजाचा विश्वास असलेला उमेदवार इतरांच्या मतांनी पराभूत होऊ शकतो, याचा तो कटू अनुभव होता. त्यानंतर १९५७ पर्यंत दादासाहेबांना सभागृह नव्हते. पण काम थांबले नाही. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह केला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मक्रांती झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या वेळी, मुंबईत दीक्षासमारंभ करण्याचा बाबासाहेबांचा संकल्प दादासाहेबांनी शोकाकुल समुदायाला सांगितला आणि भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तेथेच असंख्य लोकांना धम्मदीक्षा दिली. दुःखाच्या त्या घडीला लोकांना एका कार्याशी बांधून ठेवण्याचे भान ज्यांनी दाखविले त्यांत दादासाहेबांचे नाव प्रथम घ्यावे लागते.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. १९६२ च्या एप्रिलपासून १९६८ च्या एप्रिलपर्यंत ते राज्यसभेत होते. दिल्लीतील ही अकरा वर्षे आणि भूमिहीनांचे दोन मोठे लढे यांचा काळ एकच आहे. १९५९ मध्ये खानदेश, नाशिक व अहमदनगर भागात सत्याग्रह झाला तेव्हा ते लोकसभेचे सभासद होते. १९६४ मध्ये देशव्यापी सत्याग्रह झाला तेव्हा ते राज्यसभेचे सभासद होते. सभासदत्व त्यांना लढ्यापासून सुटका देणारे वाटले नाही, उलट लढ्याची जबाबदारी वाढविणारे वाटले.

१९६४ च्या मागण्या

१ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षातर्फे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद सादर करण्यात आली. तिचा आशय आम्ही येथे संक्षेपाने देतो, कारण आमच्या मते दादासाहेबांचे खरे मानपत्र हेच होय. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. कसणाऱ्याला जमीन द्यावी. पडीक व ओसाड जमीन भूमिहीन मजुरांना द्यावी. अन्नधान्याचे पुरेसे वाटप करून भाववाढ रोखावी. झोपडपट्टीतील लोकांची स्थिती सुधारावी. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी करावी. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्याव्यात. दलितांचा छळ तात्काळ थांबवावा. अस्पृश्यता गुन्हा कायद्याखाली पूर्ण न्याय मिळावा. नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० च्या आत भरून काढाव्यात.

या दहांतील किती मागण्या केवळ एका जातीपुरत्या होत्या, हे वाचकांनी स्वतः पाहावे. धान्याचे भाव, किमान वेतन, झोपडपट्टी, कसणाऱ्याची जमीन हे साऱ्या गरिबांचे प्रश्न आहेत. मागण्यांना समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, सत्याग्रह सुरू झाला व तो १९६५ च्या आरंभापर्यंत चालला. देशभरात तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. अनेक माता कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. दादासाहेबांच्या नाशिकच्या सहकारी शांताबाई दाणी या स्त्रीकार्यकर्त्यांच्या अग्रणी होत्या. दादासाहेबांची राज्यसभेची मुदत संपली त्याच १९६८ साली त्या महाराष्ट्र विधान परिषदेच्या सभासद झाल्या. एका सभागृहातून एक पिढी बाहेर पडली आणि दुसऱ्या सभागृहात तिचेच संस्कार घेऊन दुसरी आली.

उणिवांचा उल्लेख

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा परखड समाचार घेतला होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी पुन्हा बजावले की, धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे व हुकूमशाहीकडे नेते. हे स्मरणात ठेवून दादासाहेबांच्या काळातील उणिवाही नोंदविणे आमचे कर्तव्य आहे.

पक्ष स्थापन होऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच, १९५९ मध्ये तो दुभंगला. बॅरिस्टर खोब्रागडे व दादासाहेब एका बाजूस आणि बी. सी. कांबळे दुसऱ्या बाजूस, अशी ती फूट होती. कांबळे हेही १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून आलेले, कायद्याचे जाणकार आणि बाबासाहेबांच्या तालमीत तयार झालेले. दादासाहेबांनी भूमिहीनांच्या प्रश्नावर डाव्या पक्षांशी हातमिळवणी केली, याबद्दल विरोधी गटाचा आक्षेप होता. सुशिक्षित व अशिक्षित, सूट आणि धोतर असा भेदही तेव्हा बोलला जाई. १९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला, त्यावरही टीका झाली. सत्तेच्या सान्निध्याने चळवळीची धार बोथट झाली, असे म्हणणाऱ्यांचे मत पुढील काळाने सर्वस्वी खोटे ठरविले असे म्हणता येणार नाही.

वस्सकाराच्या कथेचा उत्तरार्ध येथे आठवतो. अट्ठकथेच्या परंपरेनुसार त्याने वैशालीत राहून वज्जींच्या मनात एकमेकांविषयी संशय पेरला. मग एकदा सभेची भेरी वाजली तरी कोणी जमेना. वज्जी बाहेरच्या सैन्याने हरले त्याआधी ते सभेत हरले होते. आपल्या चळवळीच्या इतिहासाला हा दाखला किती लागू पडतो, हे आम्ही वाचकांच्या विवेकावर सोपवितो. दादासाहेब या फुटीचे एकटे कारण नव्हते, तसे ते तिच्यापासून अलिप्तही नव्हते. एवढे म्हणून आम्ही पुढे जातो.

काय मिळाले, काय राहिले

१९६८ मध्ये भारत सरकारने दादासाहेबांना पद्मश्री दिली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. सत्कार झाला, पण श्रवण झाले काय?

तैलचित्राची मागणी १९९० मध्ये पूर्ण झाली. त्या वर्षीच्या १२ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या उंबरठ्यावर, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांच्या तैलचित्राचे अनावरण झाले. बौद्धांच्या सवलतींबाबत महाराष्ट्राने राज्यस्थापनेच्या सुमारासच आपल्यापुरता निर्णय घेतला होता, परंतु केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला तोही १९९० मध्येच. मागणी आणि पूर्तता यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली. त्या मधल्या काळात ज्या बौद्ध मुलांचे वय उलटून गेले त्यांच्या नुकसानीची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही. छळाविरुद्धच्या मागणीला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने कागदावर तरी उत्तर दिले.

राहिली ती जमिनीची मागणी. तिचीही काही पूर्तता झाली, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. गायरानावर वहिवाट करणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९१ मध्ये घेतला. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हाही शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात नमूद करण्यात आला. १९५९ व १९६४ चे सत्याग्रही ज्या पडीक जमिनीत शिरले होते तिच्याविषयीचा त्यांचा युक्तिवाद या निर्णयांमागे अप्रत्यक्षपणे उभा आहे, असे आम्हांस वाटते.

२००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना सुरू केली आणि तिला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे नाव दिले. आरंभी निम्मी रक्कम कर्ज व निम्मी अनुदान असे तिचे स्वरूप होते. २०१८ मध्ये ती पूर्ण अनुदानाची झाली आणि जमीन खरेदीची कमाल मर्यादा जिरायतीस एकरी ५ लाख व बागायतीस एकरी ८ लाख रुपये ठरली.

आता पुन्हा जांब्याच्या वेशीवर येऊ. शेजारच्या हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारली आणि साऱ्या परिसराचे रूप पालटले. शेताच्या बांधापर्यंत इमारती आल्या. जांब्यासह या भागातील काही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत हा प्रस्तावही अनेक वर्षे चर्चेत राहिला. जेथे जमीन गुंठ्याने विकली जाते तेथे एकरी ५ लाखांत भूमिहीनाला शेत मिळवून देणारी योजना काय करणार? दादासाहेबांच्या नावाची योजना दादासाहेबांच्या मागणीला ज्या ठिकाणी पुरी पडत नाही ते हे ठिकाण. शहराच्या कडेला असलेल्या गावांतील भूमिहीनाने आपल्या गावात शेत मागावे, की दूरच्या तालुक्यात जावे, की जमिनीऐवजी घर व रोजगार मागावा, या प्रश्नाचे उत्तर १९६४ च्या सनदेत नाही. ते आपल्याला शोधावे लागेल.

वतनाच्या जमिनींचेही असेच आहे. १९५८ च्या कायद्याने कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन वतनी जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची तरतूद केली आणि शासनाच्या परवानगीशिवाय त्या हस्तांतरित करता येणार नाहीत असे बंधन घातले. हे बंधन दुर्बळाच्या संरक्षणासाठी होते. परंतु जेथे जमिनीला सोन्याचा भाव येतो तेथे मुदतीत रक्कम न भरलेल्या, वारसनोंदी अपुऱ्या राहिलेल्या, भावकीत वाटणी न झालेल्या वतनी जमिनीवर इतरांची नजर पडावयास वेळ लागत नाही. आजोबाने गावकी करून राखलेला तुकडा नातवाच्या अज्ञानाने हातचा जाऊ नये, एवढी दक्षता आपल्या विहारांनी व कार्यकर्त्यांनी घेतली तरी तो दादासाहेबांचा मोठा सत्कार ठरेल.

समारोप

मुळशीला लागून असलेल्या मावळात कार्ल्याचे लेणे आहे. तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी पुष्कळ लेखांत दात्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याने काय दिले, एवढेच आहे. स्तुतीला तेथे फारशी जागा नाही. दोन हजार वर्षांनंतरही तो खांब उभा आहे आणि लेख वाचता येतो. आमच्या मते लोकप्रतिनिधीच्या गौरवाचीही रीत हीच असावी. नाव, गाव आणि काम.

नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. गाव आंबे, तालुका दिंडोरी. काम : सभागृहात नऊ वर्षे मुंबईला व अकरा वर्षे दिल्लीला, आणि सभागृहाबाहेर आयुष्यभर, ज्याला जमीन नाही त्याच्यासाठी जमीन मागितली.

१५ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिन व २९ डिसेंबर हा स्मृतिदिन आपल्या विहारांत साजरा होतो. या वर्षी त्या दिवशी हारतुऱ्यांचा कार्यक्रम आटोपता घ्यावा व १९६४ च्या दहा मागण्या मोठ्याने वाचाव्यात, अशी आमची वाचकांना विनंती आहे. प्रत्येक मागणीनंतर क्षणभर थांबून आपल्या गावात तिचे काय झाले ते उपस्थितांपैकी कोणीतरी सांगावे. गावात भूमिहीन कुटुंबे किती, गायरान किती उरले, वतनी जमिनींच्या सातबाऱ्यावर आज कोणाची नावे आहेत, हे लिहून काढावे. तरुणांनी तलाठी कार्यालयात जाऊन उतारे मिळवावेत आणि वृद्धांनी त्यांतील जुनी नावे ओळखून सांगावीत.

वृद्धांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे असे मानणारी सभा जोवर भरत राहील तोवर तिची हानी होणार नाही, असे भगवंतांचे वचन आहे. ते वज्जींसाठी जितके खरे होते तितकेच आपल्यासाठीही आहे.